तुम्ही विचारलंत म्हणून: काठावर बसलेला हूकर

"सर, तुम्ही स्वतः कुठपर्यंत खेळलात?" मुलाला रग्बीला घालायला आलेले पालक हे हमखास विचारतात. खरं उत्तर असं की राज्याच्या संघात निवड झाली, पण बहुतेक सामने मी राखीव म्हणून काठावर बसून पाहिले. पुढचा प्रश्न कोणी बोलून दाखवत नाही, तरी चेहऱ्यावर दिसतोच: मग हे आमच्या पोराला काय शिकवणार? तुम्ही विचारलंत म्हणून रग्बी प्रशिक्षक वॉरन गॅटलंडबद्दल सांगतो.

गॅटलंड न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनचा. माझ्यासारखाच हूकर. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून रेटतात तेव्हा, हूकरचे दोन्ही हात त्याच्या दोन बाजूंच्या खेळाडूंच्या, म्हणजे प्रॉप्सच्या, खांद्यांवर अडकलेले असतात, समोरून आठ जणांचा रेटा येत असतो आणि त्यातून पायाने चेंडू मागे ओढायचा असतो. वायकाटो या प्रांतिक संघासाठी त्याने हे 140 सामने केलं. ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून, 17 सामने खेळला, पण त्यात एकही कसोटी, म्हणजे दोन देशांमधला अधिकृत सामना, नाही. त्याच जागेवर शॉन फिट्झपॅट्रिक होता, सलग 63 कसोट्या खेळलेला. आणि त्या काळी कोणाला दुखापत झाल्याशिवाय राखीव खेळाडूला आत जाताच येत नसे.

1989 च्या दौऱ्यात संघ आयर्लंडमध्ये गॉलवेला खेळला आणि तिथल्याच एका क्लबने त्याला प्रशिक्षण द्यायला बोलावलं. तिथून कोनाक्ट हा आयर्लंडमधला प्रांतिक संघ, आणि 34 व्या वर्षी थेट आयर्लंडचा राष्ट्रीय संघ. 2001 मध्ये आयर्लंडने इंग्लंडला हरवलं आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्याला काढलं. तो लंडनला वॉस्प्स क्लबकडे गेला, 2003 पासून लागोपाठ तीन वर्षं लीग जिंकली.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते 2008 च्या एका सामन्याने. वेल्स नुकताच वर्ल्ड कपमध्ये फिजीकडून हरून बाहेर पडला होता. वेल्सचा प्रशिक्षक म्हणून गॅटलंडचा पहिलाच सामना, तोही इंग्लंडविरुद्ध त्यांच्याच ट्विकनमच्या मैदानावर, जिथे वेल्स 1988 नंतर जिंकलाच नव्हता. तयारीला वेळ नव्हता, म्हणून त्याने पंधरापैकी तेरा जण वेल्समधल्या ऑस्प्रीज या एकाच संघातले उतरवले. एकमेकांच्या सवयी त्यांना आधीच पाठ होत्या! मध्यंतराला वेल्स 6-16 ने मागे होता. शेवटी 26-19 ने जिंकला, आणि त्या मोसमात ग्रँड स्लॅमही, म्हणजे सहा देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने. कोण कोणाशेजारी उभा राहिला की काय होतं, हे बघण्याची नजर काठावर बसूनच येते, असं मी स्वतःच्या अनुभवावरून मानतो.

2013 मध्ये लायन्सच्या, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित संघाच्या, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या निर्णायक कसोटीतून त्याने आयर्लंडचा नामवंत खेळाडू ब्रायन ओ'ड्रिस्कॉलला वगळलं. केवढा गहजब झाला! लायन्स 41-16 ने जिंकले. दुसऱ्या खेपेला वेल्सकडे परतला तेव्हा मात्र 2024 चं अख्खं वर्ष एकही कसोटी न जिंकता गेलं आणि 2025 च्या फेब्रुवारीत त्याला पद सोडावं लागलं. तेही मी पालकांपासून लपवत नाही.

आमच्याकडे जो मुलगा राखीव असतो, त्याला मी माझ्या शेजारी उभा करतो. प्रत्येक स्क्रमनंतर विचारतो, "डावीकडच्या प्रॉपचा पाय कुठे होता?" पहिले काही दिवस तो चेंडूकडेच बघत असतो. मग एके दिवशी मी विचारायच्या आधीच तो सांगतो, "सर, त्याची टाच उचलली जातेय."