ब्रेसच्या कुरणांतून: फ्रान्समधील कोंबडीच्या प्रतींची प्रत्यक्ष ओळख

कोंबडीच्या मांसाच्या पाकिटांवर ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’, ‘मोकळ्यावर वाढवलेली’ अशी विशेषणे झळकू लागल्यापासून ग्राहकाचे कुतूहल आणि त्याचा गोंधळ ही दोन्ही बरोबरीने वाढली आहेत. यांपैकी कोणत्या शब्दामागे नेमके काय आहे, हे शेतावर जाऊन पाहायचे असेल तर फ्रान्स हा त्यासाठी फार सोयीचा देश आहे, कारण तेथे पक्ष्याचे वय, जात, जागा आणि खाद्य यांबाबतचे नियम प्रतवार लिहून ठेवलेले आहेत आणि खाटकाच्या दुकानात औद्योगिक, सरकारी लाल शिक्क्याची, सेंद्रिय आणि ब्रेसची अशा चारही प्रती एकाच काचेमागे शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. आम्ही त्यासाठी पूर्व फ्रान्समधील ब्रेस हा प्रदेश निवडला. केवळ कोंबडी पाहण्यासाठी इतका प्रवास करणे अनेकांना विचित्र वाटेल, पण ज्या प्रदेशाने आपल्या पक्ष्यासाठी कायदा करून घेतला तो प्रदेश त्यासाठी योग्यच म्हणावा लागेल.

ब्रेस हा प्रदेश एँ, सोन-ए-ल्वार आणि ज्युरा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे आणि बूर्ग-आं-ब्रेस हे त्याचे मुख्य गाव. पॅरिसहून तेजेवे या वेगवान गाडीने तेथे सुमारे दोन तासांत पोहोचता येते, तर लिऑनहून साध्या प्रादेशिक गाडीने तासाभराच्या आसपास लागतो. गावापर्यंत रेल्वे ठीक आहे, पुढे मात्र भाड्याची मोटार घेतल्याशिवाय इलाज नाही. शेते गावांपासून दूर, झुडपांच्या कुंपणांनी वेढलेल्या कुरणांत विखुरलेली आहेत आणि तिथवर बस क्वचितच जाते. मुक्कामासाठी हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले ग्रामीण घर, ज्याला तेथे ‘जीत’ म्हणतात, ते घ्यावे. त्याचे कारण पुढे येईलच.

जमीन चिकणमातीची, ओलसर आणि जड आहे. मका येथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रुजला आणि इतका रुजला की ब्रेसच्या लोकांना ‘पिवळ्या पोटांचे’ असे टोपणनाव पडले. जुन्या शेतघरांच्या रुंद वळचणीखाली मक्याची कणसे वाळत टांगलेली अजूनही पाहायला मिळतात. सेंट-एत्येन-द्यु-ब्वा येथे अशाच एका जुन्या घराचे संग्रहालय केले आहे, ते आधी पाहून घ्यावे, म्हणजे मका, दूध आणि कोंबडी यांची सांगड येथे का बसली हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इतिहासही कागदोपत्री आहे. 1591 साली बूर्गच्या नागरिकांनी त्रेफोरच्या मार्क्विसला दोन डझन पुष्ट खच्ची कोंबडे भेट दिल्याची नोंद गावाच्या दप्तरात आहे. बाहेरचे व्यापारी हेच नाव वापरू लागल्यावर वाद न्यायालयात गेला आणि 1936 मध्ये बूर्गच्या न्यायालयाने प्रदेशाची हद्द आखून दिली. पुढे 1 ऑगस्ट 1957 च्या कायद्याने या कोंबडीला उगमस्थानाचे संरक्षित नाव मिळाले, जे तोवर प्रामुख्याने द्राक्षमद्यांना आणि चीजला मिळत असे.

आता शेतावर काय दिसले ते सांगतो. पक्षी पांढराशुभ्र, तुरा लालभडक आणि पाय निळसर असतात. फ्रान्सच्या झेंड्याचे तिन्ही रंग एका कोंबडीत आल्याचे शेतकरी हमखास दाखवतो, आणि पाहुण्यांसमोर ते कितव्यांदा सांगत असेल याचा अंदाज त्याच्या स्वरावरून येतो. याच जातीच्या ‘बूर्गची करडी’ आणि ‘लूआंची काळी’ अशा भगिनीजाती आहेत, मात्र संरक्षित नाव फक्त पांढरीला मिळते. पिल्ले पहिले सुमारे पाच आठवडे उबदार खोलीत राहतात आणि नंतर कुरणावर येतात. तेथे प्रत्येक पक्ष्यामागे किमान 10 चौरस मीटर गवताळ जमीन असावी लागते आणि एका कळपात 500 हून अधिक पक्षी ठेवता येत नाहीत. आकडा वाचणे वेगळे आणि पाहणे वेगळे. कुरणाच्या कडेला उभे राहिल्यावर प्रथम ते रिकामेच वाटते, मग झुडपांच्या सावलीत, ओढ्याच्या कडेला पांढरे ठिपके हलताना दिसू लागतात.

खाद्यात मका, गहू आणि दूध किंवा दुधाचे पदार्थ असतात आणि ते जनुक-परिवर्तित नसावे असा नियम आहे. हे खाद्य प्रथिनांच्या दृष्टीने मुद्दाम तोकडे ठेवलेले असते, जेणेकरून कोंबडीने उरलेली गरज गांडुळे, गोगलगायी आणि किडे वेचून भागवावी. आपण ‘नैसर्गिक वाढ’ म्हणतो तेव्हा मनात जे चित्र असते ते येथे खाद्याच्या हिशेबातूनच घडवून आणलेले आहे, ही गोष्ट मला सर्वांत शिकवणारी वाटली. नुसते दार उघडे ठेवल्याने कोंबडी बाहेर जात नाही. बाहेर जाण्याचे कारणही तिला मिळावे लागते. झाडे, झुडपे आणि सावली नसेल तर ती ससाण्याच्या भीतीने भिंतीलगतच घुटमळते.

साधी कोंबडी सुमारे चार महिन्यांची झाल्यावर कापली जाते, ‘पुलार्द’ म्हणजे अंड्यावर न आलेली तलंग पाच महिन्यांची, तर ‘शापों’ म्हणजे खच्ची केलेला कोंबडा आठ महिन्यांचा. शेजारच्याच मोठ्या शेडमधील औद्योगिक ब्रॉयलर पाच ते सहा आठवड्यांत बाजारात जातो, हे लक्षात घेतले म्हणजे फरकाचे मूळ उलगडते. मांसाचा घट्टपणा, हाडांची मजबुती आणि चव यांवर खाद्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वयाचा आणि चालण्याफिरण्याचा परिणाम होतो.

येथपर्यंत सगळे मनाजोगते होते, पण भेटीच्या शेवटच्या टप्प्यात आमच्याबरोबरच्या काहींचा हिरमोड झाला. कापण्यापूर्वीचे शेवटचे काही दिवस ब्रेसच्या कोंबड्या कुरणावर नसतात. त्यांना मंद उजेडाच्या, शांत खोलीत ‘एपिनेत’ नावाच्या लाकडी पिंजऱ्यांत ठेवून मका आणि दूध भरपूर खाऊ घालतात, म्हणजे चरबी स्नायूंच्या आत मुरते. खच्ची कोंबड्यांच्या बाबतीत हा काळ अधिक लांबतो. शिवाय ब्रेसची कोंबडी ही आपोआप सेंद्रिय ठरत नाही. तिचे नाव उगमस्थान आणि पद्धत सांगते, मक्याच्या शेतात कोणते खत पडले ते नाही. कुरणावरचे आयुष्य आणि पिंजऱ्यातला शेवट ही दोन्ही एकाच परंपरेची अंगे आहेत. ज्यांना पिंजरा कोणत्याही कारणाने मान्य नाही त्यांच्यासाठी ही प्रत नव्हे, आणि शेतकरीही ते लपवीत नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ही खोली दाखवायची की नाही ते आधीच ठरवावे.

यानंतर तुलनेसाठी ब्रेसच्या हद्दीबाहेरची एक ‘लेबल रूज’ शेड आणि एक सेंद्रिय शेत पाहिले. ‘लेबल रूज’ म्हणजे लाल शिक्का ही 1960 च्या कृषी कायद्यातून निघालेली सरकारी गुणवत्ता-खूण आहे आणि कोंबडीच्या बाबतीत तिची सुरुवात 1965 मध्ये नैर्ऋत्येकडील लांद प्रदेशातील पिवळ्या कोंबडीपासून झाली. तिची मुख्य अट हळू वाढणारी जात आणि किमान 81 दिवसांचे वय ही आहे. शेड 400 चौरस मीटरहून मोठी नसते, आत चौरस मीटरला 11 पक्षी आणि बाहेर प्रत्येकी किमान 2 चौरस मीटर जागा असते. उघड्या मानेच्या कोंबड्या झाडांखाली उकरत फिरताना पाहून आमच्यातील बहुतेकांना हेच आपले ‘गावरान’ असे वाटले. पिकावर रसायन फवारले होते का, हा प्रश्न मात्र लाल शिक्का विचारत नाही.

तो प्रश्न विचारतो युरोपचा हिरव्या पानाचा सेंद्रिय शिक्का. रासायनिक खते व कृत्रिम कीटकनाशके न वापरता पिकवलेले खाद्य, आत चौरस मीटरला जास्तीत जास्त 21 किलो वजनाचे पक्षी आणि बाहेर प्रत्येकी 4 चौरस मीटर जागा, अशा त्याच्या अटी आहेत. प्रतिजैविकांबाबत एक समज येथे दूर झाला. सेंद्रिय म्हणजे आजारी पक्ष्याला औषधच द्यायचे नाही असे नव्हे. उपचार मर्यादित असतात आणि औषधानंतर मांस बाजारात आणण्यापूर्वीचा प्रतीक्षाकाळ दुप्पट धरतात. केवळ वजन वाढावे म्हणून खाद्यात प्रतिजैविक मिसळणे तर 2006 पासून युरोपीय संघात सर्वच पशुपक्ष्यांसाठी बंद आहे, तेव्हा तेवढ्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. ‘हार्मोनमुक्त’ या शब्दाचेही तेच. मांसासाठीच्या कोंबड्यांना वाढीचे हार्मोन देतच नाहीत. त्यांची झपाट्याची वाढ ही जातनिवड आणि खाद्य यांची करामत आहे.

औद्योगिक शेड आम्हाला आतून पाहता आली नाही. रोगाच्या भीतीने तेथे परक्याला सहसा घेत नाहीत आणि ते योग्यही आहे. युरोपीय नियमांनुसार अशा शेडमध्ये चौरस मीटरला 33 किलो वजनाची मूळ मर्यादा असून, ठरावीक अटी पाळल्यास ती 42 किलोपर्यंत जाते; पक्षी दोन किलोंचा धरला तर एका चौरस मीटरवर एकवीस पक्षी होतात. हा आकडा मनात ठेवून पुन्हा ब्रेसच्या कुरणाचा आकडा पाहावा.

खाटकाच्या दुकानात उभे राहिल्यावर या सगळ्याचा उपयोग होतो. किमतीत उतरंड स्पष्ट असते: औद्योगिक कोंबडी सर्वांत स्वस्त, लाल शिक्क्याची त्याहून बरीच महाग, सेंद्रिय बहुधा आणखी वर, आणि ब्रेसची साध्या कोंबडीच्या कैकपट. कातडीच्या पिवळ्या रंगाला भुलू नये. तो जात आणि खाद्यातील मका यांवर ठरतो, मोकळ्या हवेवर नाही. ब्रेसच्या कोंबडीची कातडी तर मोतिया पांढरी असते. ‘शेतावरची’, ‘पारंपरिक’, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ अशा शब्दांपेक्षा पाकिटावर किमान किती दिवसांची कोंबडी असे छापले आहे का, ते पाहावे; ज्याला सांगण्यासारखे असते तो आकडा ठळकच छापतो. माझ्या मते चार विशेषणांपेक्षा ती एक ओळ अधिक विश्वासार्ह आहे. ब्रेसच्या पक्ष्याच्या पायात उत्पादकाची ओळख असलेली कडी आणि मानेजवळ तिरंगी शिक्का असतो. कडी नसेल तर विक्रेता काहीही म्हणो, ती ब्रेसची कोंबडी समजू नये.

प्रवासाचा काळ ठरवताना बर्ड फ्लूचा विचार प्रथम करावा. स्थलांतरित पक्ष्यांच्या मोसमात धोका वाढला की सरकार कोंबड्या आच्छादनाखाली ठेवण्याचा आदेश काढते आणि मग कुरणे रिकामी, शेतभेटी बंद आणि जिवंत पक्ष्यांचा बाजारही स्थगित असा अनुभव येऊ शकतो. म्हणून वसंत ते शरदाची सुरुवात हा काळ शेतांसाठी बरा. डिसेंबरमध्ये जायचे असेल तर ‘ग्लोरियूज द ब्रेस’ या स्पर्धांसाठी जावे. बूर्गमध्ये 1862 पासून चालत आलेल्या या परंपरेत आता बूर्ग, लूआं, मोंत्रवेल आणि पाँ-द-वो या चार गावांत स्पर्धा होतात आणि खच्ची कोंबडे तलम कापडात घट्ट शिवून, एखाद्या लोडासारखे गोल करून पंक्तीने मांडलेले दिसतात. लूआंचा आठवडी बाजार सोमवारी सकाळी भरतो. कमानींच्या जुन्या रस्त्यापलीकडे जिवंत पक्ष्यांचा भाग आहे आणि तेथे लवकर पोहोचावे, कारण दुपारपर्यंत सगळे आवरते.

शेतभेटीसाठी पर्यटन कार्यालयामार्फत आधी वेळ ठरवून घ्यावी, न कळवता फाटकात जाऊ नये. आधीच्या दोन-तीन दिवसांत अन्य कोठे कोंबड्यांच्या सान्निध्यात गेला असाल तर यजमानाला तसे सांगावे. पादत्राणांवर प्लास्टिकची आवरणे घालायला सांगतात, तरीही जमीन चिखलाची असल्याने खाली जाड तळव्याचे बूटच हवेत. इंग्रजी फारसे चालत नाही. वय, जात, खाद्य आणि जागा यांबद्दलचे चार प्रश्न फ्रेंचमध्ये कागदावर लिहून नेल्यास शेतकरी खुलून बोलतो, आणि उत्तरात आकडे आले तर ते समजायलाही अडचण येत नाही.

राहता राहिले स्वयंपाकघराचे. ब्रेसची कोंबडी परंपरेने डोके, पाय आणि मानेभोवतीचा पिसांचा पट्टा ठेवून विकतात आणि अनेकदा तिची फक्त आतडी काढलेली असतात, म्हणून खाटकाला ‘प्रे-ता-क्वीर’, म्हणजे शिजवण्यास तयार करून द्या, असे स्पष्ट सांगावे. चार महिन्यांच्या पक्ष्याला ब्रॉयलरच्या वेळेने शिजवले तर मांस चिवट राहते. मंद आचेवर, झाकण ठेवून, तिच्याच चरबीत सावकाश शिजू द्यावे आणि पहिल्या खेपेस मसाला जवळजवळ नसावाच, नाहीतर चौपट पैसे नेमके कशाचे दिले ते जिभेला कळत नाही. त्याच संध्याकाळी शेजारच्या पातेल्यात साध्या कोंबडीचा एक तुकडा त्याच पद्धतीने शिजवून दोन्ही चाखावेत.