क्लॅन, किक आणि लाल ढाल

'क्लॅश ऑफ क्लॅन्स' या मोबाइल गेममधल्या आमच्या क्लॅनचा, म्हणजे टोळीचा, लीडर मी झालो, तो काही कुणी निवडून दिलं म्हणून नाही. आधीचा लीडर कंटाळला होता. एका रात्री "आता तूच बघ" म्हणाला आणि मोकळा झाला. क्लॅनमध्ये जास्तीत जास्त ५० जण मावतात, आमच्यात ४६ होते. आकडा बघून मी खूश.

त्यातले खेळणारे किती, हे दुसऱ्या क्लॅनशी झालेल्या पहिल्याच वॉरमध्ये कळलं. १५ विरुद्ध १५. एक दिवस तयारीचा, एक लढाईचा. प्रत्येकाला दोन म्हणजे एकूण ३० अटॅक. आमच्याकडून झाले १९. आम्ही हरलो ते तीन स्टारने (स्टार म्हणजे अटॅकचे गुण), आणि ११ अटॅक कुणी हातही न लावता पडून राहिले. मी चिडलो आणि चॅटवर लिहून टाकलं : अटॅक चुकला की किक.

महिनाभरात बाराएक जणांना काढलं. नवे भरले, तेही टिकेनात. मला वाटायचं, शिस्त लागतेय.

मग एक जॉइन रिक्वेस्ट आली. मीच काढलेला जुना गडी. डोनेशनमध्ये कायम पुढे, कुणी ट्रूप्स, म्हणजे गेममधले सैनिक, मागितले की मिनिटभरात देणारा. एका वॉरमध्ये त्याचे दोन्ही अटॅक चुकले होते, म्हणून नियमाप्रमाणे गेला. रिक्वेस्टबरोबर एवढंच लिहिलं होतं : "वडील आयसीयूत होते दादा. कुठे सांगायचं कळलं नाही."

खरंच, सांगणार कुठे? चॅट तर ट्रूप्सच्या मागण्यांनी भरलेलं. गंमत म्हणजे सोय गेममध्येच होती. प्रत्येकाच्या प्रोफाइलला ढाल असते : हिरवी म्हणजे वॉरला घ्या, लाल म्हणजे नको. आमच्यात लाल कुणी करायचंच नाही, कारण लाल केली की कामचुकार ठरायचं. तसं ठरवणारा मुख्यतः मीच.

नियम बदलला. लाल कधीही करा, कारण विचारणार नाही. हिरवी ठेवून अटॅक चुकवला तर आधी विचारपूस. पुन्हा चुकवला तर पुढच्या दोन वॉरना बाहेर. दुसऱ्या दिवशी बघतो तर १४ जण लाल! पोटात गोळाच आला. पुढची वॉर १० विरुद्ध १० ची लावावी लागली. पण २० पैकी १९ अटॅक झाले. उरलेला एक माझा, झोप लागली म्हणून.

उत्साहात डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर क्लॅनचा सर्व्हरही काढला, ११ चॅनेलचा. त्यातली नऊ ओसाड पडली. चालतात दोनच : एक बेसचे, म्हणजे गेममधल्या आपापल्या गावाचे, फोटो टाकायचं आणि दुसरं 'रजा'. कारण विचारत नाही, तरी लोक तिथे कारणं लिहितात. परीक्षा, बाळ, नवी नोकरी, "बायकोने फोन लपवलाय".

सगळ्यात जास्त भांडणं मात्र क्लॅन वॉर लीग या स्पर्धेच्या बोनस मेडल्सवरून, म्हणजे जादा बक्षिसांवरून झाली. लीग सात दिवसांची, दिवसाला एकच अटॅक. शेवटी लीडर किंवा को-लीडर मोजक्याच जणांना बोनस देऊ शकतात. मी आधी स्टार मोजून द्यायचो. मग दर महिन्याला तेच मोठ्या टाऊन हॉलवाले, म्हणजे वरच्या लेव्हलचे, घेऊन जायचे आणि खालचे हळूहळू गप्प व्हायचे. गप्प झालेला माणूस भांडणाऱ्यापेक्षा लवकर जातो, हे मला उशिरा कळलं. म्हणून आता सामायिक शीटवर पाळी लावली आहे : ज्याने वाट्याला आलेले सगळे अटॅक केले, त्याचं नाव रांगेत. एक को-लीडर म्हणाला, "मग चांगलं खेळायचं कशाला?" आणि तिघांना घेऊन निघून गेला. त्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. पण रांगेतले राहिले.

मागच्या महिन्यात मला रात्रपाळी लागली आणि मी स्वतःची ढाल पहिल्यांदाच लाल केली. लीगची नोंदणी दुसऱ्या को-लीडर ताईंनी केली. लीग संपल्यावर शीट उघडली. बोनसच्या रांगेत या वेळी माझी पाळी होती. ताईंनी माझं नाव काढून तळाशी नेलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं : "अटॅक शून्य."