भट्टीचा पॅनल : एसएसआरची उष्णता अखेर पेटीबाहेर

मागच्या नोंदीत अडकलेला प्रश्न सुटला आहे. 3.3 किलोवॅटची भट्टी पूर्ण भारावर तासभर चालली की 16 अँपिअरची एमसीबी (जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच) पडत असे. काल भट्टी 950 अंशांपर्यंत चढली, कच्ची भांडी नीट भाजून निघाली आणि एमसीबी एकदाही पडली नाही.

क्लॅम्प मीटरवर प्रवाह 14.3 अँपिअरच्या आसपासच दिसत होता. 30 अंश तापमानाला या एमसीबीने 1.13 पट, म्हणजे सुमारे 18 अँपिअर प्रवाह तासभर न पडता सोसायला हवा, त्यामुळे भारात दोष नव्हता. एमसीबी बदलूनही फरक पडला नाही. पॅनलचे दार उघडे ठेवले की मात्र ती पडत नसे, आणि उलगडा तिथेच झाला. एसएसआर म्हणजे भट्टीचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक रिले. त्यावर चालू स्थितीत साधारण 1.2 व्होल्ट पडतात, 14.3 अँपिअरला ही उष्णता 17 वॅट होते आणि ती बंद पेटीत कोंडते. खालच्या रेलवरच्या (उपकरणे बसवायच्या पट्टीवरच्या) हीट सिंकची, म्हणजे एसएसआरची उष्णता हवेत सोडणाऱ्या पंखदार अॅल्युमिनियम ठोकळ्याची, गरम हवा थेट वरच्या रेलवरच्या एमसीबीवर जात होती. एमसीबीमधली द्विधातू पट्टी तापमानावरच वाकते, त्यामुळे तिला ही बाहेरची उष्णता आणि जादा प्रवाहाची उष्णता वेगळी ओळखता येत नाही.

अनेकांनी 20 अँपिअरची एमसीबी घालण्याचा सल्ला दिला. तो मला मुळीच मान्य नाही, कारण भिंतीतली वायर अडीच चौरस मिलिमीटरची आहे, तिथला सॉकेट 16 अँपिअरचा आहे आणि एमसीबी आहे ती त्यांच्या रक्षणासाठी. पंख्याचा विचारही सोडला. भट्टीजवळच्या मातीच्या धुळीत तो केव्हा अडकेल याचा नेम नाही, आणि अडकल्याचे बाहेरून कळत नाही.

शेवटी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून पेटीच्या पाठीला चौकोनी खिडकी कापून घेतली आणि हीट सिंक तिच्यात असा बसवला की त्याचा सपाट तळ आत आणि पंख बाहेर उभे राहतात. पंख आडवे ठेवले असते तर त्यांच्यामधून हवा वर चढली नसती. हीट सिंकचा उष्णता-रोध वॅटला दीड अंश धरला तर 17 वॅटला तापमान 26 अंश वाढते. पेटीतली हवा 50 अंशांची होती तेव्हा हा तळ 76 अंशांवर जाई. खोलीच्या 34 अंशांत तो 60 अंशांपर्यंतच जातो. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अॅल्युमिनियमवर फार कमी आकडा दाखवतो, म्हणून त्यावर काळी टेप चिकटवूनच मोजावे.

एसएसआरखाली थर्मल पेस्ट अगदी पातळ पसरली आहे, कारण जाड थर उष्णता अडवतो. हीट सिंकला अर्थिंग देताना खिडकीच्या कडेची पावडर कोटिंग खरवडून दातेरी वॉशर घातला. भार वाहणाऱ्या बहुतारी वायरींच्या टोकांना शिशाचे डाग न देता फेरूल (धातूच्या छोट्या नळ्या) दाबले, कारण स्क्रूखाली शिसे हळूहळू दबते, जोड सैल होतो आणि मग तोच तापतो. फेरूलसाठी चांगला क्रिम्पिंग पक्कड घ्यावा. साध्या पकडीने दाबलेल्या जोडावर माझा विश्वास नाही. 40 अँपिअर छापलेला स्वस्त एसएसआर घेतानाही हीट सिंकविना तो आकडा निरर्थक असतो हे ध्यानात ठेवावे.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट सुचली. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुधा चालूच राहतो, म्हणून त्याच्या आधी काँटॅक्टर (कॉइलला वीज असेपर्यंतच भार जोडून ठेवणारा स्विच) आहेच. आता हीट सिंकवर 75 अंशांना उघडणारा द्विधातू थर्मोस्टॅट बसवून तो काँटॅक्टरच्या कॉइलशी एकसरीत जोडणार आहे. त्याच्या टर्मिनलवर 230 व्होल्ट असतील, त्यामुळे त्यांना इन्सुलेशन स्लीव्ह हवीच. पंख्यासाठी ठेवलेल्या वरच्या भोकाला बारीक जाळी लावून हवा बाहेर जाऊ देईन, म्हणजे पाली आत शिरणार नाहीत, आणि हवा आत यायला तळाशी तसेच एक भोक पाडेन. तापमान नियंत्रकही दाराच्या वरच्या भागातून खाली आणायचा विचार आहे, कारण के प्रकारच्या थर्मोकपलचे (भट्टीतले तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीचे) वाचन नियंत्रकाच्या टर्मिनलपाशी असलेल्या तापमानावरही अवलंबून असते आणि पेटीत सर्वांत गरम हवा वरच साठते.

पावसाळ्यापूर्वी खिडकीच्या कडेला सिलिकॉन गॅस्केट बसवायचे आहे. पाठीमागे भिंतीपासून चार बोटे अंतर सोडले आहे. एवढ्या जागेत पंखांमधून हवा पुरेशी खेळते का, हे पुढच्या भाजणीत मोजून कळवीन.