व्हिडिओ पाठवला, बातमी कुठाय?

‘तासाभरापूर्वी व्हिडिओ पाठवलाय, अजून बातमी कशी नाही? कुणाचा दबाव आहे का?’ सांगलीत हे मला भाजीवाला विचारतो, मेहुणा विचारतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले अनोळखी काकाही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

दबाव कधीच नसतो असं म्हणणार नाही. पण उशीर बहुतेक वेळा त्यामुळे होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो कधी, कुठे काढला ही माहिती त्यातून निघून जाते. म्हणून मी ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ म्हणतो आणि तुम्ही चिडता. मग दुकानाची पाटी बघा, फ्लेक्सवरची तारीख बघा, त्या गावात कुणाला तरी फोन लावा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरूनच फिरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. आम्हाला अशी मर्यादा कोण घालणार?

हे सगळं पटण्यासारखं आहे, म्हणूनच मला ते पुरेसं वाटत नाही.

ऑगस्ट 2019 चा महापूर. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती; धोक्याची पातळी 45. वार्ताहर जिथे पोहोचू शकत नव्हते तिथून तुम्हीच माडीवरून, पत्र्यावरून व्हिडिओ पाठवत होतात. त्या आठवड्यातलं आमचं निम्मं पान तुमचं होतं. आम्ही त्याचे पैसे दिले नाहीत, ‘छायाचित्र : वाचक’ एवढं छापलं.

एका संध्याकाळी एक व्हिडिओ आला. उसाच्या फडात अडकलेला मृतदेह, चेहरा स्पष्ट. खाली ‘लवकर टाका’. मी टाकला नाही. पोलीस पाटलांचा फोन बंद, तहसीलचा सतत एंगेज. ओळख पटेना. मधल्या वेळेत पाठवणाऱ्याने दोनदा विचारलं, ‘घाबरलात का?’ रात्री एका मुलाचा फोन आला. चाकणला कंपनीत होता. कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली, गावाकडे निघायची सोय नाही. वडील गेल्याचं त्याला गावच्या ग्रुपवर कळलं होतं, त्याच व्हिडिओतून. खाली कुणीतरी लिहिलं होतं, पत्रकारांनाही पाठवलाय, आणि माझा नंबर.

‘तुमच्याकडं किती वाजता आला?’ त्याने विचारलं. मी वेळ सांगितली. त्याला कळलं त्याच्या तासभर आधीची.

‘मग मला फोन का नाही केला, साहेब?’

ते कोण आहेत हेच माहीत नव्हतं, तेच शोधत होतो, असं मी म्हणालो. खरं होतं. तो म्हणाला, ‘गावात पोराटोरांना माहीत होतं.’ मग बराच वेळ आम्ही दोघंही फोन धरून होतो. तो रडला नाही. शेवटी त्याने विचारलं, पाणी कधी उतरेल. ते मात्र मला सांगता आलं.

त्याआधी कॉलेजांत जाऊन मी भाषणं ठोकत असे, ‘आता प्रत्येक वाचक वार्ताहर आहे.’ भाषणं ठोकणाऱ्या त्या जुन्या मला आज विचारावंसं वाटतं, बाबा रे, वार्ताहर झाला म्हणजे घरच्यांना फोन कुणी करायचा? तो म्हणेल, तू तरी कुठे केलास? आणि वर हेही म्हणेल की या लोकांनी मोबाइल काढला नसता, तर कितीतरी गावांत बोट पोहोचलीच नसती. हेही खोटं नाही.

आता व्हिडिओ आला की मी आधी विचारतो, यातल्या माणसाच्या घरी कळलंय का? काही जण फोन ठेवतात आणि दुसऱ्या चॅनेलला पाठवतात. ऑफिसातल्या स्क्रीनवर कुणाला किती क्लिक मिळाले ते दिसत असतं, आणि माझं लक्षही तिकडे जातं.

डेस्कवरची माझी तरुण सहकारी म्हणते, तेव्हा चेहरा झाकून, फक्त कपड्यांचं वर्णन देऊन ‘ओळख पटवा’ असं टाकायला हवं होतं. घरचे लवकर सापडले असते. मी म्हणतो, मग त्या पोराने ते आमच्याकडे वाचलं असतं. ती म्हणते, निदान तसं तरी वाचलं असतं. यावर आमचं अजून जमलेलं नाही.