सातव्या आउटपुटातलं घुमट

फोंड्यात सकाळपासून पाऊस कोसळतोय. चवथ जवळ आली म्हणून आरतीचं घुमट, म्हणजे कातडं ताणलेलं मातीचं तालवाद्य, खाली काढलंय. त्याचाच एक ठोका आज मित्राच्या एसपी-१२०० मध्ये भरला.

ई-म्यू कंपनीचं हे सॅम्पलर, म्हणजे आवाज भरून घेऊन वाजवणारं यंत्र, १९८७ चं. १२ बिट, सेकंदाला साधारण २६ हजार नमुने. आउटपुट आठ, पण आठांचा आवाज सारखा नाही. पहिल्या दोनांवर एसएसएम २०४४ चिपचा हलता फिल्टर (वरचे स्वर गाळत मिटत जाणारा), तीन ते सहावर ठरलेले फिल्टर, आणि सात-आठ उघडेच.

हे वाचलेलं होतं, आज मोजलं. १० किलोहर्ट्झचा शुद्ध स्वर भरून आठव्यातून काढला नि लॅपटॉपवर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज याचा आलेख, लावला. १० वर सुळका. आणि १६ वर आणखी एक, जो मी भरलाच नव्हता! २६ वजा १०: नमुन्यांच्या वेगातून स्वर वजा, म्हणजे त्याची सावली, जी फिल्टर नसल्यानं गाळली गेली नाही. गणित असं डोळ्यांसमोर उभं राहिलं की अंगावर काटा आला. पहिल्यातून काढला तर सुरुवातीला क्षणभर चमक, मग फिल्टर मिटत गेला तसे दोन्ही सुळके खाली बसले.

मग घुमट. पहिल्यातून ठोका शेजारच्या घरातून यावा तसा, गोल. सातव्यातून मात्र कातड्यावरची बोटं ऐकू येतात.

तीन ते सहा राहिले, कारण वीज गेली. याची मेमरी विजेबरोबरच पुसते आणि मी फ्लॉपीवर घेतलं नव्हतं. फार हळहळलो.

बाबा ओसरीवरून ऐकत होते. म्हणाले, "तो सातवाच ठेव रे, त्यात हात दिसतो."

उद्या परत भरतोय. आधी फ्लॉपी.