मासा एक, डबे पाच

एका माशासाठी पाच डबे कशाला, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या विषयावर बोलणं मी सोडलंच होतं. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत रविवारी पहाटे मी गाडीत सामान भरत असले, की फिरायला निघालेल्यांपैकी कुणी ना कुणी थांबतंच. "काय हो ताई, मासे धरायला चाललात की दुकान मांडायला?" वहिनी विचारते, ऑफिसातले विचारतात. स्वतः गळ टाकणारेही विचारतात, आणि त्यांचंच जास्त लागतं. एक काठी, एक रीळ, दोन गळ, मूठभर कणीक. एवढ्यात सगळ्यांचं भागतं, तुमचंच का भागत नाही?

बाई असून हा कसला नाद, आणि धरलेला मासा परत पाण्यात का सोडता, हे प्रश्न निराळे. त्यांची उत्तरं देऊन झाली आहेत. आज फक्त डब्यांचं.

खरं तर इंदूरकरांनी हे विचारूच नये. घरोघरी कचऱ्याचे सहा भाग करणारं आपलं गाव. कचरागाडीत चुकीच्या खणात काही टाकलं, तर गाडीवाला पोरगा सगळ्यांसमोर ऐकवतो. ते आपल्याला शिस्त म्हणून चालतं, वर त्याचा अभिमानही मिरवतो. मग मी गळ एका डब्यात आणि दोरी बुडावी म्हणून लावायचं शिसं दुसऱ्यात ठेवलं की तो माझा चक्रमपणा कसा?

शिसं वेगळं, कारण त्याच हातांनी मी पुढे पोहे खाणार असते. इंग्लंडात शिशाच्या बारीक वजनांवर 1987 सालीच बंदी आली. राजहंस ती गिळायचे आणि विषबाधेनं मरायचे. आपल्याकडे गोळ्या सर्रास मिळतात, वापरतेही. पण त्या मोजून नेते आणि मोजून परत आणते. वापरलेला गळ ओल्या डबीत जातो, कोऱ्यांत नाही. एक ओला गळ आत गेला तर आठवड्याभरात शेजारच्या चारांना गंज चढवतो. आमिषाचे रबरी किडे ज्या पाकिटात आले त्याच पाकिटात राहतात. त्यांच्यातलं तेल काही जातींच्या प्लास्टिकला खातं. माझ्या एका चांगल्या डब्याचा तळ असाच विरघळला आणि आतले हिरवे-लाल किडे एक होऊन बसले. तुटलेल्या दोरीला झाकणाची बरणी. नायलॉन कुजत नाही, काठावर टाकलं की कुठल्यातरी पाणकावळ्याच्या पायात जातं. सिरपूर आणि यशवंत सागर हे आपले तलाव 2022 मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले. तिथे मी दुर्बीण घेऊन जाते, गळ नाही. पण पक्ष्याला यादी कळत नाही, तो सगळ्याच तलावांवर उतरतो.

एवढं ऐकून समोरचा म्हणतो, "हां हां, बरोबर आहे," आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारतो. म्हणून आता खरं कारण सांगते. ते मी सहसा सांगत नाही, कारण त्यात बाबा आहेत.

गळ टाकायला मला बाबांनी शिकवलं, बडवाहच्या घाटाखाली, नर्मदेवर. त्यांचं सगळं सामान एका खाकी झोळीत मावायचं. जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा, त्यात टोचलेले गळ. काडेपेटीत शिशाच्या गोळ्या. फडक्यात कणीक, तीत भाजलेल्या दाण्यांचा कूट आणि बडीशेप. माझ्या लग्नानंतर हा नाद सुटला आणि पुढे मुलं मोठी झाल्यावर परत धरला, तेव्हा बाजार बदलला होता. मी काचतंतूचा रॉड घेतला, बारीक विणलेली दोरी घेतली, रंगीत खोटे मासे घेतले. झोळी मात्र बाबांचीच ठेवली, हौसेनं. सगळं त्या एका झोळीत, वर टॉवेल, त्यावर डबा.

महूच्या पुढे ओळखीच्यांच्या शेतात एक तलाव आहे. कडेला लव्हाळं, मध्ये कमळाची पानं, मरळीला लागतं तसं पाणी. बाबा बरोबर होते. त्यांच्या हृदयात स्टेंट बसलेला, रक्त पातळ करायची गोळी चालू. माझ्या खोट्या माशाला मरळ लागली, चांगली हातभर. त्या खोट्या माशाच्या पोटाखाली एक तीनतोंडी गळ आणि शेपटीला दुसरा. पुढचा मरळीच्या जबड्यात रुतलेला, मागचा मोकळा लोंबत होता. बाबांनी जुन्या सवयीनं पुढे होऊन दोरी धरली आणि मासा वर उचलला. मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे पाण्याबाहेर इतर माशांसारखी लगेच ढिली पडत नाही. तिनं एक हिसडा दिला आणि मोकळा गळ बाबांच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या मऊ भागात शिरला. मासा निसटू नये म्हणून गळाला असतो त्या उलट्या दातासकट.

आता एका टोकाला मासा आणि दुसऱ्या टोकाला बाबा. मासा तडफडेल तसा गळ आणखी आत. बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला सोड, आधी तिला धर." मी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी मरळ चिखलात दाबून धरली. हातातून सटकत होती ती, अंगावर नुसता चिकट बुळबुळीतपणा. झोळी पाच-सात पावलांवर, तोंड बांधलेली. एक हात सोडला तरी बाबांचा हात फाटणार. बाबांच्या मनगटावरून रक्त निघून घड्याळाच्या पट्ट्याखाली जात होतं. त्या गोळीमुळे ते थांबायचं नाव घेईना, आणि मी तिथे बसून त्या झोळीकडे बघते आहे.

शेळ्या चारणारा एक पोरगा आला. त्यानं झोळी उचलली आणि सरळ गवतावर उपडी केली. टॉवेल, पोह्यांचा डबा, थर्मास, एक सुटं रीळ आणि सगळ्यात खाली पक्कड. तीही मोकळी नाही, दोरीच्या गुंत्यात. त्या गुंत्यात आणखी दोन गळ लपलेले. पोरगा हुशार. आधी त्यानं आपला गमछा पाण्यात बुडवून मरळीच्या डोळ्यांवर टाकला, तेव्हा ती जरा निवळली. मग खाली बसून, एकेक वेढा काढत त्यानं पक्कड सोडवली. कुणी पाठी लागल्यासारखं केलं नाही त्यानं. मी त्याच्यावर ओरडत होते तरीही. त्या स्वस्तातल्या पकडीनं गळ तुटेना. शेवटी खोट्या माशाच्या शेपटीकडची, मागचा गळ धरणारी कडी फाकवली, बाबा आणि मासा एकमेकांपासून सुटले.

महूच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी हात बधिर केला आणि गळ मागे न ओढता पुढे ढकलून टोक कातडीबाहेर काढलं, दात कापला, मग उरलेला दांडा मागे घेतला. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मरळीचं काय झालं म्हणाल, तर ती पोरगा घेऊन गेला. त्याचाच हक्क होता.

परतताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. राऊच्या आसपास म्हणाले, "तुझ्या त्या खेळण्याला सहा काटे. माझ्या गळाला एक."

इथेच माझं उत्तर अडतं बघा. मी लोकांना सांगते की त्या दिवसापासून डबे आले. खरंच आले. सियागंजातून जाड तार सहज कापणारी कटर आणली. ती उजव्या कमरेला लटकते, डोळे मिटून हाताला लागते. चिमटा आणि पट्टी तिच्याच शेजारी. बाकी सगळं झाकणावर नाव लिहून, आपापल्या जागी. आता उलटी करायला झोळीच नाही. पण बाबांचं म्हणणं खोडता येत नाही. पसारा आधी आला, व्यवस्था नंतर. एक काठी, एक गळ, कणकेची गोळी एवढंच असतं तर मरळ कणकेला लागलीच नसती, आणि लागली असती तरी दुसरा गळ मोकळा लोंबत नसता. मी सामानानं झालेल्या दुखापतीवर आणखी सामान लावते आहे, असं कुणी म्हणालं तर काय उत्तर द्यायचं?

विशीतली मी तेच म्हणते. ती घाटाच्या पायरीवर बसून तासन् तास नुसतं पाणी बघायची. मासा तळाला चरत असला की बारीक बुडबुडे वर येतात, ते तिला लांबून दिसायचे. मी तलावावर पोचते आणि पहिला अर्धा तास झाकणं उघडते. तिला मी सांगते, बाई, तुला काही लागलं तर सोडवायला बाबा होते; माझ्या वेळी बाबांनाच लागलं. ती म्हणते, त्यासाठी कटर पुरे होती, निळ्या रंगाचे सात खोटे मासे कशाला? यावर मी गप्प बसते. पाचांतले दोन डबे निव्वळ हावरेपणाचे आहेत. तीन मात्र नाहीत, तेवढं तिनं मान्य करावं.

तीनतोंडी गळ मी काढून टाकले. त्यांच्या जागी एकेरी बसवले, तेही उलटा दात पकडीनं दाबून सपाट केलेले. मासे जास्त सुटतात. आमच्यातले हसतात, हसू देत.

16 जून ते 15 ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात नद्यांमध्ये आणि त्यांना जोडलेल्या पाण्यात मासेमारी बंद असते, विणीचा हंगाम म्हणून. तेव्हा मी सगळे डबे बैठकीत मांडते, रिळांचे ब्रेक सैल करते, गंजलेले गळ निवडून काढते. बाबा चहा घेऊन शेजारी बसतात. एकेक गळ उचलून अंगठ्याच्या नखावर टेकवतात. टोक नखात अडकलं तर धार आहे, घसरलं तर बोथट. बोथट निघाला की न बोलता माझ्याकडे सरकवतात. स्वतः अजूनही झोळीच नेतात, माझ्यापासून जरा लांब बसतात, आणि बहुतेक वेळा त्यांनाच आधी मासा लागतो. कटर नेत नाहीत. मी दोनदा झोळीत घातली, दोन्ही वेळा ती परत माझ्या डब्यात सापडली.

तर सामान कमी करता येईल का, असं विचारत असाल तर निळे मासे कमी करीन. रिळांपैकी एक घरी ठेवता येईल, दुसरं नाही. बरणी राहील. कटर राहील. आणि बाबांच्या वाटची एक जास्तीची कटर, तीही मीच नेणार.