आमची वाटचाल : पहिल्या क्रूझचं गणित

आमची फर्म छोटी आहे आणि एकच काम करते, समुद्रावरच्या सुट्ट्या ठरवून देणं. सुरुवात विमानाच्या तिकिटांपासून झाली. क्रूझ हा तेव्हा जोडधंदा होता, कुणी विचारलं तरच पुढे करायचा. मग तिकिटं लोक स्वतःच काढू लागले आणि जोडधंदा हाच मुख्य धंदा होऊन बसला. क्रूझ मात्र लोक तिकिटासारखी स्वतः ठरवू लागले नाहीत, कारण तिथे भाडं शेवटी बघायचं असतं. त्याआधी जहाज, मार्ग, केबिन आणि कागदपत्रं असे चार निर्णय घ्यावे लागतात आणि त्यातला एक जरी चुकला तरी माणूस पुन्हा जहाजावर पाऊल ठेवत नाही.

लोक क्रूझच्या प्रेमात कसे पडले, हे नीट पाहिलं की आजही पहिली क्रूझ कशी निवडावी ते कळतं. म्हणून आमच्या कामाची माहिती देताना आम्ही थोडा इतिहास सांगतोच.

मुळात ही कल्पना रिकाम्या जहाजांमुळे सुचली. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला असतो. तेव्हा प्रवासी रोडावायचे आणि मोठमोठी जहाजं बंदरात खर्च खात उभी राहायची. हॅम्बुर्गच्या हापाग या जहाज कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी २२ जानेवारी १८९१ रोजी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे अटलांटिकवरचं जहाज कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे पाठवलं. जहाजावर २४१ पाहुणे होते आणि सफर जवळपास दोन महिन्यांची. यापूर्वीही, १८४४ पासून, इंग्लंडची पी अँड ओ ही जहाज कंपनी साउदम्प्टनहून जिब्राल्टर, माल्टा, अथेन्स अशा सफरी विकत होती, पण त्या ठरलेल्या टपाल-मार्गांना जोडून. एक अख्खं जहाज फक्त हिंडण्यासाठी काढायचं धाडस बालिन यांनी केलं आणि ते चाललं.

चाललं, पण अडचणी लगेच दिसल्या. अटलांटिकचं जहाज थंडीसाठी आणि लाटांसाठी बांधलेलं असतं. उघडा डेक कमी, बंदिस्त जागा जास्त आणि खालच्या वर्गाच्या लांबलचक खोल्या सुट्टीवर आलेल्या माणसाच्या काहीच उपयोगाच्या नाहीत. म्हणून हापागनेच १९०० साली ‘प्रिन्त्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे खास सफरीसाठीचं जहाज पाण्यात उतरवलं. त्यात १२० केबिन होत्या आणि सगळ्या पहिल्या वर्गाच्या. व्यायामशाळा होती, वाचनालय होतं, हौशी छायाचित्रकारांसाठी डार्करूमसुद्धा होती. १९०६ च्या डिसेंबरात जमैकाजवळ ते खडकावर चढलं आणि तिथेच संपलं. एका जहाजावर एकच वर्ग, ही त्याची कल्पना मात्र पुढे सगळ्यांनी उचलली. आमच्या मते क्रूझच्या लोकप्रियतेचं निम्मं श्रेय इथे आहे. दहा दिवस एकाच जहाजावर राहायचं आणि अर्धे दरवाजे तुमच्यासाठी बंद, यात कसली सुट्टी?

तरी पुढची साठेक वर्षं हा श्रीमंतांचा हौसेचा प्रकारच राहिला. खरा धक्का आकाशातून बसला. ऑक्टोबर १९५८ मध्ये पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीची बोईंग ७०७ जेट विमानं न्यूयॉर्क ते पॅरिस उडू लागली आणि अटलांटिक ओलांडायला पाच दिवस घालवायचं कारणच उरलं नाही. प्रवासी जहाजं पुन्हा रिकामी झाली, यावेळी बारा महिने. ज्या विमानांनी जहाजांचा धंदा मोडला, त्याच विमानांनी तो पुढे परतही आणून दिला, कारण आता कुठूनही उष्ण समुद्राकाठच्या मायामी बंदराला काही तासांत पोचता येऊ लागलं.

डिसेंबर १९६६ मध्ये टेड अरिसन आणि नॉर्वेचे जहाजमालक क्नूट क्लोस्टर यांनी ‘सनवर्ड’ हे जहाज मायामीहून बहामाकडे सोडलं. मूळचं ते इंग्लंड-जिब्राल्टर मार्गासाठी बांधलेलं, पण तो मार्ग चालला नाही. मायामीहून मात्र तीन-चार दिवसांची ठरलेली फेरी, ठरलेला वार, ठरलेली वेळ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९६५ पासून स्टॅनली मॅकडॉनल्ड लॉस एंजेलिसहून मेक्सिकोकडे भाड्याचं जहाज नेतच होते. १९७० मध्ये रॉयल कॅरिबियनचं ‘साँग ऑफ नॉर्वे’ आलं, उष्ण हवेच्या समुद्रासाठी नव्याने बांधलेलं. मागणी इतकी वाढली की १९७८ मध्ये ते मधोमध कापून त्यात २६ मीटरचा नवा तुकडा बसवला. आधी बांधून आणलेला तो तुकडा दोन भागांच्या मध्ये सरकवायचा, पाइप आणि तारा जोडायच्या, वेल्डिंग करायचं. नवीन जहाज बांधण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं, म्हणून त्यानंतर ही युक्ती अनेकांनी वापरली.

टेड अरिसन यांनी पुढे कार्निव्हल काढली. तिचं पहिलं जहाज ‘मार्डी ग्रा’ १९७२ च्या मार्चमध्ये पहिल्याच सफरीत मायामीच्या बाहेर वाळूत रुतलं. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. तरी कंपनी तगली. बंदरांची यादी मोठी असायलाच हवी असं नाही, मौज जहाजावरच आहे, असं तिने लोकांना पटवलं.

यामागे इंधनाचं साधं गणित आहे आणि ते आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो. जहाज चालवायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग २० टक्के कमी केला की शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून कंपनीला जवळची बंदरं आणि सावकाश प्रवास परवडतो. उदाहरण घ्या. संध्याकाळी ५ ला निघून सकाळी ८ ला पुढचं बंदर गाठायचं, म्हणजे १५ तास. १८ नॉटच्या, म्हणजे ताशी १८ सागरी मैलांच्या, वेगाने २७० सागरी मैल होतात, म्हणजे ५०० किलोमीटर. आता जहाज दोन तास उशिरा निघालं, तर तेच अंतर १३ तासांत कापायला जवळपास २१ नॉट लागतात आणि शक्ती दीडपट. शिवाय बंदरातला धक्का आणि पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा जाणकार, यांच्या वेळा बांधलेल्या असतात. म्हणून उशीर करणाऱ्या दोघांसाठी जहाज थांबत नाही. कंपनीने स्वतः आखलेल्या सहलीची बस अडकली तर बहुतेक वेळा थांबतं. स्वतःच्या जबाबदारीवर हिंडायचं असेल, तर जहाजावर परतायच्या शेवटच्या वेळेच्या किमान दीड तास आधी धक्क्यावर या. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि दोन वेळांत एक तासाचा फरक असला की घोळ होतो.

मग १९७७ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘द लव्ह बोट’ ही मालिका सुरू झाली आणि १९८६ पर्यंत चालली. तीत ‘पॅसिफिक प्रिन्सेस’ हे खरं जहाज दिसायचं. क्रूझ म्हणजे म्हाताऱ्या धनिकांची जागा, हा समज तिने मोडला. जाहिरातीवर कितीही खर्च केला असता तरी हे झालं नसतं. नवख्या माणसाला जहाज आतून कसं दिसतं, केबिन केवढी असते, संध्याकाळी लोक करतात काय, हे घरबसल्या दिसलं. आम्ही ग्राहकाला केबिनचा व्हिडिओ दाखवल्याशिवाय बुकिंग करत नाही, त्याचं कारण तेच.

१९८० नंतरचा काळ आकाराचा. ‘फ्रान्स’ हे ३१५ मीटर लांबीचं अटलांटिकचं जहाज विकत घेऊन क्लोस्टर यांनी ते ‘नॉर्वे’ नावाने कॅरिबियनमध्ये आणलं. वेग नको होता, म्हणून पुढची इंजिनरूम बंद केली. जहाज पाण्यात इतकं खोल बसायचं की बहुतेक बंदरांत धक्क्याला लागेना, म्हणून डेकवर दोन मोठ्या टेंडर बोटी, म्हणजे प्रवाशांना किनाऱ्यावर नेणाऱ्या बोटी, ठेवल्या. १९८४ च्या ‘रॉयल प्रिन्सेस’मध्ये सगळ्याच केबिनना बाहेरचा उजेड होता. १९८८ मध्ये सुमारे ७३,००० टनांचं ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ आलं आणि २०२४ मध्ये २,४८,६६३ टनांचं ‘आयकॉन ऑफ द सीज’.

हे टन वजनाचे नव्हेत, जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. त्यामुळे ते कामाला येतं. टनांना प्रवासीसंख्येने भागा, संख्या केबिनमागे दोघे धरून घ्या. ‘आयकॉन’चं उत्तर येतं ४४ च्या आसपास, म्हणजे २,४८,६६३ भागिले ५,६१०. आमच्या अनुभवात ३० च्या खाली गर्दी जाणवते आणि ४० च्या वर मोकळं वाटतं. पण हा आकडा जिन्यावरची आणि जेवणाच्या हॉलमधली दाटी सांगतो, गँगवेवरची, म्हणजे उतरायच्या फळीवरची, रांग सांगत नाही. पाच हजार माणसं दोन दारांतून उतरायची म्हटल्यावर जहाज कितीही ऐसपैस असो, सकाळी साडेआठला रांग लागणारच. साडेनऊला उतरा.

आता लागण्याविषयी, म्हणजे बोट लागण्याविषयी. नव्या ग्राहकाचा पहिला प्रश्न हाच असतो. मोठ्या जहाजांच्या दोन्ही कुशींतून पाण्याखाली पंख बाहेर येतात, त्यांना स्टेबिलायझर म्हणतात. जहाज डावीकडे झुकू लागलं की डावा पंख वर ढकलतो आणि उजवा खाली. त्याने आडवं हेलकावणं खूप कमी होतं. नाक वर-खाली होणं त्याने थांबत नाही आणि वेग कमी असला की पंखांचा जोर पडत नाही. म्हणून केबिन महत्त्वाची. जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि शक्य तितकी खालच्या डेकवर. फळीच्या सीसॉवर मधे बसलेल्या मुलाला टोकाच्या मुलाइतके झोके बसत नाहीत, तसंच इथे आहे. गंमत अशी की सगळ्यात वरच्या, पुढच्या केबिन महाग असतात आणि हलतातही त्याच जास्त. औषध डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायचं. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

केबिन निवडताना आम्ही डेक प्लॅनची, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशाची, तीन पानं शेजारी ठेवतो: केबिनचा मजला, त्याच्या वरचा आणि खालचा. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली थिएटर असेल तर रात्री उशिरापर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर शांतता. लाइफबोटींच्या मागच्या केबिनला खिडकी असते, पण खिडकीत नारिंगी बोट. अगदी मागच्या टोकाला, खालच्या मजल्यावर, बंदरात शिरताना थरथर जाणवते. दोन केबिनना जोडणारा मधला दरवाजा कुटुंबाला सोयीचा, इतरांना शेजाऱ्यांचं सगळं ऐकवणारा.

पहिली क्रूझ किती दिवसांची? बहुतेकजण तीन रात्रींची मागतात, चाचणी म्हणून. आम्ही सात सुचवतो. तीन रात्रींत पहिला दिवस चढण्यात जातो, शेवटच्या सकाळी उतरायचं असतं, उरतात दोनच. शिवाय या छोट्या फेऱ्या शनिवार-रविवारच्या मेजवानीसाठी भरतात, गोंगाट जास्त असतो आणि नवखा माणूस त्यावरून सगळ्या क्रूझबद्दल मत बनवतो. सात रात्रींत चार बंदरं आणि दोन पूर्ण दिवस समुद्रात, हे प्रमाण बरोबर बसतं. दोन समुद्र-दिवसांतच कळतं की ही सुट्टी आपल्याला मानवते की नाही.

कागदपत्रांत जास्त माणसं अडकतात ती एका ठिकाणी. जहाज एका देशातून निघून दुसऱ्या देशात जातं आणि पुन्हा पहिल्या देशात येतं. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा अशा वेळी अपुरा पडतो, अनेकदा प्रवेश देणारा लागतो. अलास्काचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी नोंदणीचं जहाज मधे परदेशी बंदर न घेता अमेरिकेतल्या बंदरांमधली अशी सफर करू शकत नाही. म्हणून सिएटलहून निघालेलं जहाज बऱ्याचदा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी काही तास थांबतं. तिथे उतरायचा विचार नसला तरी कॅनडाची कागदपत्रं हवीत, ती नसतील तर सिएटललाच चढता येत नाही. पासपोर्टची मुदत सफर संपल्यावर किमान सहा महिने उरलेली ठेवा.

विमान आदल्या दिवशीचं घ्या. त्याच दिवशीचं विमान चार तास रखडलं तर जहाज गेलेलं असतं आणि पुढच्या बंदरात गाठणं हा वेगळा खर्च. चढताना मोठ्या बॅगा कर्मचारी घेतात आणि त्या केबिनपाशी संध्याकाळपर्यंत कधीही पोचतात. औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि एक्स्टेंशन बोर्ड आगीच्या भीतीने काढून घेतात. बंदर सोडलं की फोन विमान मोडवर टाका, नाहीतर तो जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि बिल घरी आल्यावर कळतं. शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळी घालायचे कपडे आणि बूट बाजूला काढा. ऐकायला फालतू वाटतं, पण रात्रीच्या चपलांवर विमानतळ गाठणारे लोक दर मोसमात निघतात.

गॅरंटी केबिन हा प्रकार पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही देत नाही. त्यात प्रकार ठरलेला असतो, म्हणजे आतली, खिडकीची किंवा बाल्कनीची. नंबर मात्र कंपनी शेवटी, कधी निघायच्या दोन-तीन दिवस आधी देते. भाडं कमी असतं, पण केबिन पूलखाली आली तरी बदलून मिळत नाही आणि एका कुटुंबाच्या दोन केबिन जहाजाच्या दोन टोकांना येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्यांदा जाणाऱ्याला, गाढ झोप लागत असेल आणि बोट लागत नसेल, तर आम्हीच तो सुचवतो.